पन्नास शिलाई मशिनी घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजीच्या नावाने घरचा छोटा ट्रस्ट आहे, पाच लाख रुपये बाजूला काढले आहेत, आणि कोविडात ज्यांचं घरबसल्या काम गेलं व अजून धड सुरू झालं नाही अशा इंदूरमधल्या बायकांना शिलाई मशिनी वाटायच्या आहेत. मशीन पायाची घ्यावी की मोटरची, असं तुम्ही विचारलंय. शिवाय आपल्यासारख्या इतर देशांनी बायकांसाठी काही वेगळं केलं का, तेही विश्वस्तांना दाखवायला हवंय.

मशीनचं शेवटी सांगते. त्याआधी एक विचारते: कोविडात या बायकांच्या मशिनी कुठे गेल्या होत्या? आग लागली नव्हती, पूर आला नव्हता. मशीन घरातच होती. मग गेलं काय, हे आधी कळायला हवं.

मी इंदुरात तेवीस वर्षं बचत गटांचं आणि छोट्या कर्जांचं काम करते. आमच्या संस्थेनेही २०२१ च्या पावसाळ्यात तेच केलं जे तुम्ही करायला निघालात. एक देणगीदार मिळाले, बावीस मशिनी आल्या, हार घातले, फोटो काढले. मीही त्या फोटोत आहे, हसतेय. सहा-सात महिन्यांनी घरोघरी गेले तर बावीसपैकी सात मशिनींचा आवाज येत होता. एकीवर टीव्ही ठेवला होता, दोघींकडे घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग. एकीने सरळ सांगितलं, “दीदी, विकली. गटाचा हप्ता थकला होता, वसुलीची बाई दारात येऊन बसायची.” मी रागावणार होते, पण हिशेब केला आणि गप्प बसले. तिच्या जागी मीही विकली असती.

आता एक वही दाखवते. मल्हारगंजच्या मागच्या गल्लीत एक वहिनी साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांच्या वहीत प्रत्येक ओळीला गिऱ्हाइकाचं नाव आणि शेजारी साडीच्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा टाचणीने लावलेला. जांभळा, मोरपंखी, राणी कलर. वही उघडली की वाण्याकडच्या रंगीत बडीशेपेसारखी दिसते. मार्च २०२० चं पान २१ तारखेला संपतं. २२ ला जनता कर्फ्यू, मग टाळेबंदी. अकरा साड्या घरात तशाच पडून. त्या साड्यांच्या बायका सप्टेंबरात आल्या, निम्म्यांनी “आता कुठे नेसायची” म्हणून फॉल न लावताच साड्या परत नेल्या. त्यापुढच्या पानांवर दोरे नाहीत, नुसते आकडे: किराणा उधार, मोबाइल रिचार्ज, दुधवाला, हप्ता, हप्ता, अंगठी गहाण.

अंगठी गहाण पडली तेव्हाच खरं नुकसान झालं. या धंद्यात लागतं ते खेळतं भांडवल. फॉलचं कापड, दोऱ्यांच्या रिळांचा पेटारा, अस्तर, हुक, आणि गिऱ्हाइकाला आठ दिवस उधार ठेवायची ताकद. हे सगळं मिळून फार तर आठ-दहा हजार, पण त्यावर वर्षभराचं चाक फिरतं. ते पैसे घराने खाल्ले, आणि त्यात घराची चूक नव्हती. २०२० ला आखातीज, म्हणजे लग्नांच्या मुहूर्ताची अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला होती, कडक टाळेबंदीत. २०२१ ला १४ मेला, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. दोन्ही लगनसरा बुडाल्या. कमाईचा मोठा हिस्सा ज्यांचा लगनसराईवर असतो त्यांचं भांडवल दोन वर्षं परत आलंच नाही.

दुसरी गोष्ट गेली ती तास, आणि ती वहीत दिसत नाही. या वहिनींची कामाची वेळ होती अकरा ते चार. मुलं शाळेत, नवरा दुकानावर, सासूबाई आडव्या झालेल्या. शाळा मार्च २०२० मध्ये बंद पडल्या, आणि आपल्या मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले थेट सप्टेंबर २०२१ मध्ये. दीड वर्ष ते पाच तास गायब. त्यात घरात स्मार्टफोन एकच. आधी त्यावर गिऱ्हाइकांचे साड्यांचे फोटो यायचे, आता त्यावर धाकट्याची ऑनलाइन शाळा. गिऱ्हाइकाचा फोन उचलायला जावं तर मास्तर बोलताहेत. सासरे आजारातून उठले पण पूर्वीसारखे झाले नाहीत, त्यांचं खाणंपिणं, औषधं, तेही हिच्याकडेच.

हे एका घराचं रडगाणं नाही. २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी, सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि जे पुरुष घरकाम करत होते ते ९७ मिनिटं. हा फरक आधीचाच. महामारीने त्यावर शाळा, दवाखाना आणि अंगणवाडी या तिघांचं कामही तिच्या ओट्यावर आणून ठेवलं.

म्हणून “बायकांना काम का मिळत नाही” एवढंच विचारून भागत नाही. काम मिळालं तर ते कोणत्या तासांत करायचं आणि पहिला कच्चा माल कशातून आणायचा, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय मशीन म्हणजे आणखी एक पुसायची वस्तू.

सरकारी मदतीचं म्हणाल तर मी शिव्या देणाऱ्यांतली नाही. बरंच काही आलं. पण ते कुणाला डोळ्यांसमोर ठेवून आखलं होतं ते बघा. जनधन खाती असलेल्या २० कोटींहून अधिक बायकांना एप्रिल ते जून २०२० दरमहा ५०० रुपये मिळाले. थेट बाईच्या खात्यात, हे चांगलंच. पण एकूण पंधराशे, आणि ज्यांचं खातं जनधनचं नाही, साधं बचत खातं आहे, त्या बाहेर. आमच्या गटांत अशा कितीतरी निघाल्या. उलट त्यांनी शहाण्यासारखं आधीच खातं उघडलं होतं!

मग रिझर्व्ह बँकेने हप्ते थांबवायची सवलत दिली, आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत, एकूण सहा. हप्ता थांबला, व्याज नाही थांबलं. व्याजावरचं व्याज नंतर परत मिळालं, मूळ व्याज अंगावर राहिलंच. तीस हजारांचं गटकर्ज, वर्षाला चोवीस टक्के धरा, तर सहा महिन्यांचे ३,६०० रुपये वर चढले. बायकांना हे कुणी नीट सांगितलं नाही. सवलत म्हणजे माफी असं समजून कितीजणी निर्धास्त राहिल्या, आणि नोव्हेंबरात आकडा बघून हबकल्या.

जून २०२० मध्ये स्वनिधी योजना आली, फेरीवाल्यांना दहा हजारांचं विनातारण कर्ज, वेळेवर फेडलं तर पुढे वाढीव रक्कम आणि व्याजात सात टक्के सवलत. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात कामाची योजना. पण अट अशी होती की २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी तुम्ही रस्त्यावर विक्री करत असला पाहिजे, आणि त्याचा कागद पाहिजे. आता ठेल्यावर नवरा उभा, घरी पहाटे चारला उठून कचोरीचं सारण भाजणारी, चटण्या वाटणारी बायको. कागदावर फेरीवाला कोण? नवरा. घरात पापड लाटणारी, फॉल लावणारी तर रस्त्यावर नव्हतीच. छोट्या उद्योगांसाठीची तीन लाख कोटींची हमी योजना आणखी मजेदार. आधीचं कर्ज जितकं शिल्लक, त्याच्या २० टक्के नवं कर्ज. जिचं बँकेत कधी कर्जच नव्हतं तिच्या शून्याचे २० टक्के किती होतात ते तुम्हीच सांगा.

यात कुणी दुष्टपणा केला असं मी म्हणत नाही. मदत “कुटुंबाला” किंवा “उद्योगाला” दिली की ती ज्याच्या नावावर कागद आहे त्याच्याकडे जाते, बस. लिंगभाव, संवेदनशीलता हे शब्द परिषदेत ऐकले की आमच्या बाया जांभया देतात. पण “कागद कुणाच्या नावावर?” विचारलं की ताठ बसतात.

आता इतर देशांचं. विश्वस्तांना दोन उदाहरणं पुरतील.

पश्चिम आफ्रिकेतला टोगो, आपल्या मध्य प्रदेशाहून कितीतरी लहान आणि गरीब. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी नोव्हिसी नावाची योजना काढली. असंघटित कामगारांना साध्या फोनवरून नोंदणी, स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, पैसे मोबाइल खात्यावर. पुरुषाला महिन्याला १०,५०० फ्रँक आणि बाईला १२,२५०, दोन हप्त्यांत. जाणूनबुजून जास्त. कारण घराचं खाणंपिणं तिच्या हातून चालतं आणि असंघटित कामांत बायकाच जास्त, हे त्यांनी आखणीतच धरलं होतं. ब्राझीलने त्याच महिन्यात आपत्कालीन मदत सुरू केली, माणशी ६०० रेआल (तिथलं चलन). पण एकटीने घर चालवणाऱ्या आईला दुप्पट, १,२००. दोन्हीकडे वेगळं “महिला पॅकेज” नव्हतं. सगळ्यांच्याच योजनेत एक ओळ बदलली होती. मला हेच शहाणपणाचं वाटतं, कारण वेगळ्या महिला योजनेला पैसे नेहमी शेवटी आणि थोडे मिळतात.

पण दोन्ही मदती म्हणजे रोख रक्कम होती, आग विझवण्यापुरती. तासांचं काय? संयुक्त राष्ट्रांनी २२६ देश-प्रदेशांतल्या सुमारे पाच हजार कोविड उपायांची मोजणी केली. त्यात बायकांचा विचार केलेले उपाय १,६०५, आणि त्यातही घरातल्या बिनपगारी सांभाळाच्या कामाबद्दलचे अवघे २२६. म्हणजे सरासरी एका देशाला एक. जगभर सगळ्यांचंच घोडं तिथे अडलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हिशेब बघा: २०१९ ते २०२० मध्ये जगात बायकांचा रोजगार ४.२ टक्क्यांनी घटला, पुरुषांचा ३ टक्क्यांनी. पडताना तर त्या जास्त पडल्याच, उठतानाही त्यांना उशीर झाला.

तुमचे एखादे विश्वस्त म्हणतील, अहो पण आता तर सगळं सुरळीत आहे, बायका पूर्वीपेक्षा जास्त काम करतात असं पेपरात आलंय. खरं आहे. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. पण त्याच पाहणीत पुढचा तक्ता बघा. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या बायकांपैकी ३६.७ टक्के घरच्या धंद्यात “मदतनीस” आहेत, म्हणजे काम आहे, मजुरी नाही. मला हे आकडे वाचून आनंद व्हावा की नाही ते ठरवता येत नाही. २०२२ ला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, दोन वर्षांनी परत राजवाड्यावर निघाली तेव्हा आम्ही सगळे रंगात न्हाऊन निघालो, वाटलं झालं, शहर उठलं. दुसऱ्या दिवशी गटाची बैठक होती. चौदापैकी नऊजणींचे दागिने अजून सराफाकडे होते.

आता तुमच्या पैशांकडे येते. इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं, म्हणून आधी तुमच्या यादीतल्या बायका कोण आहेत ते नीट बघा.

जिचं स्वतःचं गिऱ्हाईक आहे, ब्लाउज, फॉल, पापड, शेव, डबे, तिला खेळतं भांडवल उपयोगी पडतं. पण जी कारखानदाराचा कटिंग केलेला माल घरी आणून फ्रॉक, चड्ड्या शिवते आणि नगावर पैसे घेते, तिला कर्ज देऊ नका. कृपा करून देऊ नका. तिचा माल शेठचा, भाव शेठचा, पैसे पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. तिच्या हातात कर्ज दिलं तर ती शेठच्या उशिराचं व्याज स्वतः भरते. तिला हवं असतं ते दहाजणींनी मिळून एकत्र भाव बोलणं, किंवा दुसरा शेठ, किंवा एखाद्या शाळेच्या गणवेशाची थेट ऑर्डर. तुमच्या विश्वस्तांपैकी कुणाची शाळेत, दवाखान्यात ओळख असेल तर ती ओळख पाच लाखांपेक्षा महाग आहे.

तिसऱ्या प्रकारच्या बायका म्हणजे ज्यांचा नवरा कोविडात गेला. तिथे धंद्याच्या आधी कागद. दुकानाचा भाडेकरार, कर्ज, वीजमीटर, ठेल्याचा परवाना, सगळं त्याच्या नावावर असतं. कोविडमृत्यूंसाठीची ५० हजारांची सानुग्रह सरकारी मदतसुद्धा कितीकांची मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं नाही म्हणून लोंबकळली. अशा चार-पाचजणी असतील तर त्यांच्यासोबत कचेरीत जाणारा एक खमक्या माणूस द्या, सहा महिने.

पहिल्या प्रकारच्या जास्त असतील असं धरून मी असे वाटे करीन: तीन लाख खेळत्या भांडवलाला, दीड लाख मुलं सांभाळायच्या जागेला, पन्नास हजार हाताशी.

तीन लाख ट्रस्टने थेट उसने वाटू नयेत. ते बचत गटांच्या खात्यात अनुदान म्हणून द्या, गट आपसात फिरवेल, आणि ट्रस्टडीड आधी सीएला दाखवा. दहा-दहा हजारांनी तीसजणी होतात, आणि फेड आली की पुढच्या. फेडीचा हप्ता दरमहा सारखा ठेवू नका. चातुर्मासात लग्नं नाहीत म्हणजे फॉल-ब्लाउजवालीकडे पैसे नाहीत. तिचा हप्ता आषाढ-श्रावणात नावापुरता आणि देवउठनीनंतर, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर, मोठा. पापडवालीचं उलट, तिचा हंगाम उन्हाळा. बँकेला हे जमत नाही, गटाला सहज जमतं. पहिल्या भेटीत एक प्रश्न नक्की विचारा: काही गहाण आहे का, आणि कितीवर? महिना तीन टक्क्यांनी गहाण पडलेलं असेल तर आधी ते सोडवायला पैसे द्या, माल नंतर. विश्वस्तांना हे “उत्पादक” वाटणार नाही. समजावून सांगा.

दीड लाखाचं ऐकून भुवया उंचावतील. पण दोन बायकांना दरमहा पाच-पाच हजार दिले तर वर्षाचे एक लाख वीस हजार होतात, उरलेल्यात चटया, पाण्याचं पिंप, खेळणी. जागा विकत घेऊ नका. आपल्याकडे रामबाग-लोकमान्य नगराकडे, सुदामा नगरात मंडळांचे, देवळांचे हॉल दुपारी रिकामे असतात, फक्त कुणीतरी अध्यक्षांकडे चहाला जायला हवं. अकरा ते चार पंधरा-वीस मुलं तिथे बसली की तेवढ्या घरांतले पाच-पाच तास परत आले. आम्ही २०२२ मध्ये एका गल्लीत हे केलं. ज्या घरांत मशीन धूळ खात होती, त्यांतल्या चार घरांत आवाज सुरू झाला, आम्ही एक रुपया कर्ज न देता.

हे वर्षभरात संपेल आणि पुढे कोण चालवणार, हा रास्त प्रश्न आहे. आमच्या गल्लीत आयांनी दिवसाला पाच रुपये द्यायला सुरुवात केली, पण निम्मा खर्चही त्यातून निघत नाही. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही.

आणि एक, सगळे व्यवहार तिच्या खात्यात, आणि त्या खात्याला तिचाच मोबाइल नंबर. नवऱ्याचा जोडलेला असेल तर पैसे आल्याचा मेसेज त्याला जातो, एटीएम कार्डही बहुधा त्याच्याच खिशात. मध्य प्रदेश सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे २०२३ पासून सुरू झाले तेव्हा आमच्या कितीजणींना पहिल्यांदा कळलं की आपल्या खात्याचा नंबर आपल्याकडे नाहीच. धंद्याची उद्यम असिस्टवर, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणीही करून घ्या, फुकट आहे. पुढच्या वेळी कुठलं संकट आलं आणि “उद्योगांना मदत” जाहीर झाली तर दाखवायला कागद पाहिजे.

आता मशीन. हे सगळं विचारून झाल्यावरही पाच-सहाजणी सांगतील की खरंच मशीन हवी. तेव्हा नवी साधी मशीन घेऊ नका, ती बहुतेक घरांत असतेच. त्यांना विचारा, पिको हवं की इंटरलॉक (कापडाच्या कडा शिवणारी मशीन), कारण त्यासाठी त्या दुसरीकडे पैसे देऊन काम करून आणतात. जुनी, तपासून घेतलेली चालेल. मोटर लावलेली घ्या पण पायाचा स्टँड काढू देऊ नका, आमच्या भागात उन्हाळ्यात वीज दुपारीच जाते. बिल तिच्या नावाने फाडायला सांगा, तिचं पूर्ण नाव, “श्रीमती अमुक” नाही. आणि फोटो काढायचाच असेल तर सहा महिन्यांनी जाऊन काढा.